उजवं पुढचं चाक

गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवून झाली, चाकं जमिनीपासून सुटली, आणि मग बाबा म्हणाले, "आता पुढचं तू कर. मी बसून सांगतो."

ते शेडच्या दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. पान्यांचा डबा त्यांनी माझ्याकडे पायाने सरकवला. ज्या माणसाने मला त्या डब्यातला साधा स्क्रूड्रायव्हरही कधी विचारल्याशिवाय उचलू दिला नाही, त्याने तो डबा पायाने सरकवला. मी काही बोलले नाही. काही न बोलण्याची मला अकरा महिन्यांत चांगली सवय झाली होती.

संध्याकाळी पाचला दाताचे डॉक्टर गाडी न्यायला येणार होते. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. आमची गाडी त्यांनी दोनदा येऊन पाहिली होती. एकदा तर बोनेट उघडून इतका वेळ आत वाकून राहिले की आई म्हणाली, "अक्कलदाढ शोधतायत की काय?" त्यांची अट एकच होती, ब्रेक उघडून, साफ करून, नीट लावून द्यायचे. अट रास्त होती. गाडीला काय झालं होतं ते बाबांनीच त्यांना सांगितलं होतं, त्यांनी विचारलेलं नसताना.

"चूक माझी होती," बाबा म्हणाले होते. "ब्रेक मीच लावले होते. मला ऐकू कमी येतं आणि मी ते कबूल करत नव्हतो."

मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागे उभी होते.

ब्रेकचा आणि ऐकू येण्याचा संबंध काय, ते सांगायला हवं. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं एक लोखंडी भांडं. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात आणि शूंवर लायनर बसवलेले असतात. पेडल दाबलं की शू फाकतात आणि भांड्याला आतून घासतात. त्या घासण्यानेच गाडी थांबते. लायनर झिजत जातो, फट वाढत जाते, पेडल खोल जायला लागतं. मग ती फट पुन्हा कमी करायची. त्यासाठी मागच्या बाजूला चौकोनी डोक्याचे स्क्रू असतात, पुढच्या चाकांना दोन-दोन, मागच्यांना एकेक. चाक जाम होईपर्यंत स्क्रू आवळायचा, मग एक घर, म्हणजे एक खटका, मागे घ्यायचा आणि चाक हाताने फिरवून बघायचं.

इथवर हात पुरतो. पुढचं काम कानाचं आहे. एक घर मागे घेतल्यावर चाक मोकळं फिरतंय की अजून घासतंय? कुठेतरी किंचित कुजबुजल्यासारखा आवाज आला तर चालतो. पण पूर्ण फेऱ्यात सलग आवाज येत असेल तर शू ड्रमला टेकलेला असतो, आणखी एक घर मागे घ्यावं लागतं. "हाताला कळायच्या आधी कानाला कळतं," बाबा म्हणायचे.

त्यांनी कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीन चालवलं. साठीनंतर उजवा कान गेला आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एका रविवारी फक्त मला शेडमध्ये हाक मारली आणि म्हणाले, "इथे खाली बस. मी चाक फिरवतो, तू ऐक." तेव्हापासून दर वेळी मीच ऐकायचे. "घासतंय का गं?" ते विचारायचे आणि मी सांगायचे. ज्याने ऐकलं त्याने टायरच्या पाठीवर खडूने बरोबरची खूण करायची, असा आमच्या शेडचा नियम होता. गाडी बाहेर पडली की पहिल्या किलोमीटरभरात ती खूण रस्त्याला लागून पुसून जायची.

मी तराजू आणि तापमापक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे नवीन माणसाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगतात, न घेतलेलं रीडिंग लिहायचं नाही. अंदाज कितीही पक्का असो, दहा वेळा तोच आकडा आलेला असो, अकराव्या वेळी बघायचं आणि मगच लिहायचं. मी गेली सोळा वर्षं हे नवीन लोकांना सांगत आले आहे.

अकरा महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी तीन चाकं झाली होती. बाबांचा क्रम ठरलेला असतो, मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तिन्ही चाकांना मी नीट ऐकलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. चौथ्याच्या वेळी फोन वाजला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तपासणी होती आणि एक फाइल सापडत नव्हती. मी उजव्या पुढच्या चाकाशेजारी उकिडवी बसून, एका हातात खडू धरून, दुसऱ्या हाताने उत्तर टाइप करत होते. बाबांनी चाक फिरवलं.

"घासतंय का गं?"

"नाही, मोकळं आहे," मी म्हणाले, आणि खूण केली.

मी ऐकलं नव्हतं. आवाज आला आणि माझा अंदाज चुकला, असं नाही. मी ऐकलंच नव्हतं. तीन चाकं बरोबर आली होती, चौथंही येईल, असं मी धरून चालले. शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा मी फाइलचा नंबर लिहीत होते.

पुढच्या शनिवारी आई-बाबा मावशीकडे निघाले. वाटेत एक लांबच लांब उतार आहे. आईने नंतर सांगितलं, उताराच्या मध्यावर काहीतरी जळल्यासारखा वास आला, तर हे म्हणाले, कोणीतरी कचरा जाळत असेल. खालच्या वळणावर बाबांनी जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढली गेली आणि कठड्यावर आदळली. वेग फार नव्हता. बाबांना खरचटलंही नाही. आईने आधारासाठी उजवा हात पुढे टेकवला होता, तो मनगटात मोडला.

हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. आई घरी शिवणकाम करते. कात्री आता ती डाव्या हाताने धरते, आणि जिथे एका दिवसात दोन ब्लाउज व्हायचे तिथे एक होतो.

दवाखान्यात बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझ्या कानांमुळे झालं." ताई, माझी मोठी बहीण, तिच्या गावाहून धावत आली होती. ती म्हणाली, "मी कधीपासून सांगतेय, बाबांना आता या कामांना हात लावू देऊ नका." मी पलंगाच्या पायाशी उभी होते. बोलायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी मनात म्हटलं, आत्ता नको, आईला त्रास होतोय, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर म्हटलं, प्लास्टर निघू दे. प्लास्टर निघाल्यावर ते वाक्य इतकं मोठं झालं होतं की ते कुठून उचलायचं तेच कळेना.

त्याच महिन्यात प्रयोगशाळेत एका नवीन मुलीने तापमापकाचं एक रीडिंग न बघता लिहिलं. मी तिला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं आणि या गोष्टीचं गांभीर्य दहा मिनिटं समजावून सांगितलं. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

आणि बाबांनी हात आवरते घेतले. आधी गाडीचं काम सोडलं. मग शेजारच्या काकू मिक्सर घेऊन आल्या, तर "दुकानात दाखवा" म्हणून परत पाठवला. मग घरातला दिवा गेला आणि आईने स्टूल आणून ठेवलं, तर म्हणाले, "माणूस बोलाव. मी काहीतरी चुकीचं करून ठेवीन." शेवटी गाडी विकायचं ठरवलं. ठोकलेला मडगार्ड पत्र्याचं काम करणाऱ्याने शेडमध्ये येऊन सरळ करून दिला होता. ब्रेक मात्र कोणी उघडले नव्हते. बाबांना ते बघायचे नव्हते. मला तर नव्हतेच.

"नट आधी सैल केलेस ना? चाक वर गेल्यावर फिरतं ते," बाबा स्टुलावरून म्हणाले.

"केले."

"मागच्या डाव्यापासून घे."

मी नाकावर मास्क लावला आणि बादलीत फडकं भिजवलं. ड्रममधली जुनी धूळ छातीला वाईट असते. बाबा पूर्वी तोंडाने फुंकर मारून ती उडवायचे आणि आई घरातून ओरडायची, "त्या सवतीची पावडर श्वासात घ्या अजून!" आई गाडीला सवत म्हणते. बाबांनी ती लग्नानंतर दोन वर्षांनी, कारखान्याच्या मॅनेजरकडून जुनी म्हणून घेतली, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून रविवार तिचे.

आत शिवणयंत्र चालू होतं. चार टाके, मग थांबणं, मग पुन्हा चार. हल्ली ते असंच चालतं.

मागचं डावं उघडलं. लायनर चांगला होता, ड्रम साफ. ओल्या फडक्याने पुसलं, स्प्रिंगा तपासल्या, सिलिंडरच्या रबराखाली ऑइल गळलंय का ते पाहिलं, पॉलिश पेपरने लायनरवरून हलका हात फिरवला, ड्रम बसवला. मागचं उजवं तसंच. पुढच्या डाव्याच्या एका स्क्रूला गंज होता, त्यात वेळ गेला. बाबा तिथूनच बारकाईने बघत होते. दोनदा त्यांचा हात पुढे झाला आणि परत मांडीवर गेला. प्रत्येक चाकाला मी फिरवलं, मीच ऐकलं, मीच खूण केली. त्यांनी एकदाही विचारलं नाही, घासतंय का.

साडेतीन वाजले होते. एकच चाक उरलं होतं.

"पाणी पिऊन येतो," बाबा म्हणाले आणि आत गेले.

मी उजव्या पुढच्या चाकाचा ड्रम ओढून काढला आणि उलटा करून उजेडात धरला. आतली गोल पट्टी, जिथे लायनर घासतो, ती राखाडी असायला हवी. ती निळी होती. सगळीकडे नाही, पण जवळजवळ पाऊण फेऱ्यात, मोरपिशी निळे डाग, कडेला तपकिरी. लोखंड तापत गेलं की आधी फिकट पिवळं पडतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळं. थंड झाल्यावर रंग जात नाही. शूवरचा लायनर काचेसारखा चकचकीत झाला होता. हे मी शिकले आहे, शिकवलंही आहे. त्या ड्रममध्ये सगळं लिहिलेलं होतं. हे एकच चाक घरून निघाल्यापासून घासत होतं, उतारावर तापून निळं पडलं होतं, आणि खालच्या वळणावर जेव्हा त्याची गरज पडली तेव्हा त्याच्यात थांबवायची ताकद उरली नव्हती. बाकी तीन चाकांनी गाडी धरली, या चाकाने सोडली. म्हणून ती डावीकडे ओढली.

पॉलिश पेपर माझ्या हातातच होता. ड्रम साफ करताना तो आतून फिरवायचाच असतो. त्यात गैर काहीच नव्हतं. दोन मिनिटांत निळा रंग निघाला असता आणि राखाडी पट्टी राहिली असती, बाकी तिघांसारखी.

मी घासायला सुरुवात केली.

चार बोटं रुंद जागा पांढरी झाली होती, तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "थांब."

ते कधी आले ते मला कळलं नाही. ऐकण्यात हिचा हात धरणारं कोणी नाही, असं ते पूर्वी माझ्याबद्दल लोकांना सांगायचे.

"घासू नकोस. इकडे दे."

त्यांनी ड्रम माझ्या हातातून घेतला. अकरा महिन्यांत त्यांनी गाडीचा एखादा भाग हातात घेतलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो दाराच्या उजेडात धरला आणि पुस्तकाचं पान वाचावं तसा हळूहळू फिरवला. अंगठा निळ्या डागावरून नेला. मग खाली वाकून शूवरचा लायनर पाहिला.

"घासत होता," ते म्हणाले. "पहिल्यापासूनच घासत होता. आणि तो वास याचाच. आई सांगत होती तेव्हा मी कचऱ्याचं कारण देत होतो."

मी पॉलिश पेपर डब्यात टाकला.

"या चाकाला मी तुला विचारलंच नसणार," ते म्हणाले. "मी किती वेळा ते आठवायचा प्रयत्न केला. शेवटचं चाक होतं. मला वाटलं असेल, एवढं काय विचारायचं दर वेळी पोरीला, आपल्याला कळतं की. घमेंड. कान गेला तरी घमेंड जात नाही माणसाची."

ते हे रडवेले होऊन बोलत नव्हते. हिशोब लागल्यासारखं बोलत होते, जरा सुटका झाल्यासारखं. मला दिसत होतं की हे त्यांनी मनात पक्कं करून टाकलं होतं, न घडलेली गोष्ट घडल्यासारखी, बारीकसारीक तपशिलांसकट. आणि ती तशीच ठेवायला मला काहीच करावं लागणार नव्हतं.

"विचारलं होतंत," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. ते लायनरवरून नख फिरवत होते. कानातलं यंत्र त्यांनी घातलेलं नव्हतं. ते कपाटात डबीतच असतं, आई म्हणते त्याप्रमाणे सोन्याचं असल्यासारखं. माझ्या तोंडावर मास्क होता. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

म्हणजे अजूनही मी बोललेच नाही असं म्हणता आलं असतं. हा विचार माझ्या मनात आला हे मला लिहायला हवं.

मी मास्क खाली ओढला. "बाबा, तुम्ही विचारलं होतंत!" त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. मी ओरडून सांगितलं. "मी 'नाही' म्हणाले! मी ऐकलं नव्हतं! फोनवर होते!"

आतलं शिवणयंत्र थांबलं. चार टाके पुरे व्हायच्या आधीच.

बाबांनी ड्रम खाली ठेवला. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, कारखान्यात बिघडलेला जॉब हातात आला की बघत असतील तसे.

"आवाज येत होता आणि तुला कळला नाही," ते सावकाश म्हणाले, "की ऐकलंच नव्हतंस?"

"ऐकलंच नव्हतं."

"आणि खूण?"

"केली."

"न ऐकता खूण केलीस."

"हो."

त्यांनी मान हलवली. अपघाताचं ते काही बोलले नाहीत. त्या खुणेचंच त्यांना जास्त लागलं, हे मला स्पष्ट दिसलं. त्या शेडमध्ये त्यांच्यानंतर खडू फक्त माझ्या हातात दिलेला होता. ताईच्याही नाही.

"अकरा महिने," ते म्हणाले. "अकरा महिने मी हा कान तीन डॉक्टरांना दाखवत फिरतोय. एकाने विचारलंही, आजोबा, एवढी घाई कसली? मी म्हटलं, माझ्यामुळे माझ्या बायकोचा हात गेला."

शेडच्या दारात आई उभी होती. बोटात शिवणाचं टोपण तसंच होतं, खांद्यावर मोजपट्टी. तिला सगळं ऐकू गेलं होतं, गल्लीत आणखी कोणाला गेलं असेल तर माहीत नाही.

"आई," मी म्हणाले, "तुझ्या हाताचं..."

"हाताचं राहू दे," आई म्हणाली. "हात माझा आहे, मी बघेन त्याचं. चुकतं माणसाचं. मीही एकदा नवरीचा ब्लाउज दोन इंच आखूड कापलाय. पण दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन सांगून आले. तू काय केलंस? दिवा लावायला आपण बाहेरचा माणूस बोलावला, आठवतं? हे इथे खाली मान घालून बसले होते आणि तो पोरगेला माणूस यांना म्हणत होता, बाजूला व्हा काका, शॉक लागेल. तेव्हा तू समोर बसून जेवत होतीस. जेवलीस ना पोटभर?"

मला त्या दिवशी दोन चपात्या खाल्ल्याचं आठवत होतं.

"बोल की."

"जेवले," मी म्हणाले.

"अगं, पुरे," बाबा म्हणाले. मला वाटलं ते मला सोडवतायत. पण त्यांनी नुसतं घड्याळाकडे बघितलं होतं. "चार वाजत आले. डॉक्टर पाचला येतील."

त्यांनी स्टूल बाजूला सारलं. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, आधी डावी, मग उजवी, पूर्वी दुमडायचे तशा. डब्याशी बसून त्यांनी पाने एकेक करून ओळीत लावले. मी ते आकाराप्रमाणे परत ठेवले नव्हते. चकचकीत झालेले लायनर त्यांनी स्वतः पॉलिश पेपरने खरखरीत केले, ड्रमला कुठे चीर गेलीय का म्हणून हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं, आणि बघता बघता थांबून आईला म्हणाले, "हा ड्रम कसा वाजतोय?"

"भांड्यासारखा. छान घणघणतोय."

"मग चीर नाही. निळ्या डागांचं डॉक्टरांना सांगून ठेवू, बदलून घ्या म्हणावं पुढेमागे."

ड्रम बसला, चाक चढलं. मी सवयीने चाकाशेजारी माझ्या जागेवर बसले. बाबा पाना घेऊन मागे वाकले, पहिला स्क्रू चाक जाम होईपर्यंत आवळला, एक घर मागे घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू नको. तू आत बस, पेडलवर."

मी उठले.

"अगं, तू ये इकडे," ते आईला म्हणाले. "खाली बस. मी चाक फिरवतो, तू ऐक."

"मी?" आई म्हणाली. "मला काय कळतंय तुमच्या सवतीतलं?"

"कळायचं नाहीये. ऐकायचंय."

आई गुडघ्यावर हात ठेवत खाली बसली. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. तिथून मला ते दोघं दिसत नव्हते, फक्त आवाज येत होता.

"घासतंय का?"

चाक फिरून थांबलं. मग आई म्हणाली, "पुन्हा फिरवा. मघाशी ती कोंबडी ओरडली." शेजारच्यांची कोंबडी खरंच ओरडली होती. मलाही ऐकू आली होती. "हं. घासतंय. सारखं घासतंय."

एक घर मागे.

"आता?"

"आता सारखं नाही. एका जागी आलं की खस् होतं."

"पेडल!" बाबांनी मला हुकूम सोडला. मी ब्रेक तीनदा दाबून सोडला. त्याने शू आत आपापल्या जागी बसतात. "आता ऐक."

"गेलं. नाही, आहे, पण किती बारीक. कापडावरून कापड जावं तसं."

"तेवढं चालतं," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला वर्षभरात पहिल्यांदा पूर्वीच्या उंचीवर ऐकू आला. दुसरा स्क्रूही तसाच झाला. मग खडूचा डबा उघडल्याचा आवाज. आईचं मनगट वळत नाही, तिला खूण करायला खांद्यापासून हात फिरवावा लागला असणार. "वाकडी आली," ती म्हणाली. "येऊ दे," बाबा म्हणाले.

पाचला पाच कमी असताना डॉक्टर आले. गाडी घोड्यांवरून उतरलेली होती आणि बाबा चालकाच्या जागेवर बसलेले होते. डॉक्टरांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"अर्धा तास थांबा," बाबा म्हणाले. "ब्रेक लावलेत. चालवून बघितल्याशिवाय मी कोणाच्या हातात गाडी देत नाही." मग आईकडे वळून म्हणाले, "येतेस?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. तिने मोजपट्टी खांद्यावरून काढून माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बसली. "जळका वास आला तर या खेपेला मी सांगेन आणि तुम्ही ऐकाल," ती म्हणाली.

गाडी फाटकाजवळ आली तेव्हा बाबांनी काच खाली केली. "ताईला फोन कर. आत्ता. तूच सांग सगळं."

"करते."

"शेड झाडून ठेव."

ते गेले. टायरच्या पाठीवरच्या चार खुणा फिरत फिरत लांब गेल्या, तीन माझ्या आणि एक वाकडी. डॉक्टर माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, "या वयात किती उत्साह आहे हो. आणि किती प्रामाणिक माणूस. मला त्यांनी आधीच सांगितलं होतं, अपघात त्यांच्या चुकीने झाला म्हणून."

"त्यांच्या चुकीने नाही झाला," मी म्हणाले. "माझ्या."

डॉक्टर काहीतरी विचारू लागले. गल्लीच्या टोकाला वळण आहे. तिथे बाबा नेहमी जोरात ब्रेक दाबून बघतात. मी हाताने डॉक्टरांना जरा गप्प राहायला सांगितलं आणि ऐकत राहिले. इंजिनाचा आवाज लांब गेला, खाली आला, थांबला. मग पुन्हा सुरू झाला आणि वळणापलीकडे गेला. त्यात घासल्याचा आवाज होता की नाही, हे मला इतक्या लांबून सांगता येणार नाही.

मग मी ताईला फोन लावला.